चंद्रीचा पंचनामा

गोठ्याची मागची भिंत पडली तेव्हा मंगल चुलीपाशी होती. पावसाचा धिंगाणा एवढा होता की भिंतीचा आवाजही धड आला नाही. चंद्री एकदा रेकली, तेवढं ऐकू आलं. गोरखनं आणि शेजाऱ्यांनी दगड उपसले, तोवर म्हैस गेली होती.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी ही वाडी. मंगलचा नवरा गेल्यापासून घर चंद्रीच्याच दुधावर चाललेलं. लेक गोरख टेम्पोवर जायचा, पण ते काम आज असायचं, उद्या नसायचं. चंद्रीचं तसं नव्हतं.

दावणीला मेलेलं जनावर दिवस मावळायच्या आत मातीआड करायचं, ही वाडीची रीत. शेजारची म्हातारी बाळाबाई डोक्यावर पोतं घेऊन पावसात उभी राहिली आणि बाप्यांना दमात घेऊ लागली. "लक्षुमी हाय घरची. कुत्र्यांनी वढायच्या आत माती द्या तिला." बांधालगत खड्डा घेतला. मंगलनं शिंगांना हळदकुंकू लावलं, वर मीठ पसरलं. मेलेलं जनावर आधी सरकारला दाखवायचं असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? रस्त्यावर दरड, मोबाईलला रेंज नाही, आणि दारात चंद्री पडलेली.

रस्ता मोकळा झाल्यावर तलाठी आले. भिंतीचा फोटो काढला, पडकं मोजलं. म्हणाले, "म्हैस कुठंय?"

"पुरली, भाऊसाहेब."

"शवविच्छेदन न करता? मग मी काय लिहू? सरकारी मदत हवी तर डॉक्टरांचा दाखला आणा."

मंगल एसटीनं वेल्ह्याला गेली, तर जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी पंचनाम्याला गेलेले. परत गेली तेव्हा भेटले. म्हैस बघितल्याशिवाय दाखला देता येत नाही, म्हणाले. कचेरीत विचारून बघा. कचेरीतल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पुन्हा डॉक्टरांकडं पाठवलं. कुणी तिला हाडतहुडत केलं नाही. सगळे 'मावशी, बसा' म्हणाले. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. ह्या गोडव्यानं माणूस नुसता थकतो. मंगल इतकी थकली होती की एसटीत बसायला जागा मिळाली तेवढ्यानंही तिला रडू आलं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनाच दया आली असावी. तरुण माणूस होता. खाली बघत म्हणाला, "मावशी, नियमात बसत नाही. पण कानातला बिल्ला दिसला आणि मालकासोबत फोटो निघाला, तर मी प्रयत्न करतो. डोक्याकडची माती काढावी लागेल."

घरी आल्यावर गोरख भडकला. "म्या न्हाई उकरनार. खड्ड्यात गेली ती मदत!"

"आन दावनीला काय बांधू? तुला?" मंगल म्हणाली. एरवी तिनं असं तोंड टाकलं नसतं. तिला लाज वाटत होती आणि राग येत होता, पण राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चंद्रीवर तर काढता येत नव्हता.

डॉक्टर यायच्या दिवशी तिनं स्वतःच फावडं उचललं. बाळाबाईनं ते बघितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मंगलनं चार-दोन फावडी ओढली असतील, तेवढ्यात गोरखनं तिच्या हातातून फावडं काढून घेतलं.

वास असह्य होता. डॉक्टर नाकाला रुमाल बांधून आले, काठीनं कान वळवून बिल्ल्यावरचा नंबर त्यांनी वाचला आणि मोबाईल काढला. "मावशी, जरा जवळ या. अजून. खाली बसा, तुम्ही दोघी एकत्र दिसायला पाहिजेत."

मंगल खड्ड्याच्या काठावर बसली. तिनं पदर नाकाला लावला नाही. पान्हवताना जसा ठेवायची, तसा तिचा हात आपसूक चंद्रीच्या कपाळावर गेला.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. तिनं ऐकलं नाही.

फोटो निघाला. "प्रकरण वर पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "मिळेल बहुतेक. वेळ लागेल."

"लागू द्या," मंगल म्हणाली. ते मोटारसायकलकडं निघाले, गोरखनं फावडं घेतलं. तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि चंद्रीकडं वाकून हळूच म्हणाली, "चुकलं माझं, बाये. नीज आता. पुन्यांदा न्हाई उठवायची तुला."