गिरणीसमोरची गाडी

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आत्याची ती पांढरी गाडी म्हणजे अॅम्ब्युलन्स आहे का?" थोरला म्हणाला, "नाही गं, फूड ट्रक आहे." तुमची आत्या इतकी हसली की फोन तिच्या हातातून निसटला, आणि उत्तर राहूनच गेलं. ते आत्ताच द्यायला हवं, कारण जुनी गाडी शनिवारी आपल्या अंगणातून जाणार आहे. नवी आली आहे, चकचकीत आहे, तिच्यात थंडगार हवा येते. पण जे घडलं ते जुन्या गाडीत घडलं. ती खिडकीतून दिसते आहे तोवर लिहून टाकते.

तुमची आत्या हैदराबादला एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिची मैत्रीण कलबुर्गीला नर्स. दोघी नर्सिंग कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. मैत्रीण मूळची भालकीजवळच्या मेहकर गावची. तिच्या आईच्या पायाला जखम झाली होती आणि दर ड्रेसिंगला म्हातारी बसने भालकीला जायची. एका दसऱ्याला बीदरमध्ये, आपल्या मैलूरच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी खाता खाता मैत्रीण म्हणाली, "काकू, लेक कलबुर्गीत दुसऱ्यांच्या आयांचं ड्रेसिंग करते आणि तिची आई बसस्टँडवर उभी." यावर आत्या खायची थांबली. मग दोघी बोलत राहिल्या आणि माझ्या पोळ्या गार झाल्या.

त्या बोलण्यातून गावोगाव फिरणारी दवाखान्याची गाडी निघाली. रक्तदाब आणि साखर तपासायची, जखमा बांधायच्या, रक्ताचे नमुने बीदरला आणायचे, लागलं तर तिथूनच फोनवर डॉक्टरांना दाखवायचं. कारभार नर्सांनी बघायचा, फी नर्सांनी घ्यायची.

"आम्ही धंदा काढतोय," आत्या म्हणाली.

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई. मला तो शब्द टोचला. "सेवा म्हण ना," मी म्हटलं.

"सेवा म्हटलं की लोक चहा पाजतात आई. धंदा म्हटलं की फी देतात. आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा येते."

पण एक मेख होती. आत्याची परदेशातली नोकरी जवळजवळ ठरलेली होती. एजंटाला पुढच्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी हो किंवा नाही सांगायचं होतं. "तोवर गाडीने जम धरला तर राहते, नाही तर जाते," असं तिने मला सरळ सांगितलं. तुमचे बाबा आधीच तिकडे. ही गेली असती तर मैलूरच्या घरात मी आणि कुकरची शिटी एवढंच उरलं असतं. मी तोंडाने "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणत होते आणि मनातल्या मनात गाडीला विनवत होते, चाल बाई, चाल.

गाडी चालवायला एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा मिळाले. त्यांना माझं मन वाचता यायचं. "फिकर नक्को करो अम्मा," ते म्हणाले. "गाडी चली तो दवाखाना, नई चली तो मिरची-भजी का हॉटेल."

पहिलं गाव निर्णा. मी हौसेने रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखलं होतं आणि सोबतही गेले होते. सरपंचांनी मोठ्या मानाने गाडी मारुतीच्या देवळापुढे, पाराशेजारी लावून घेतली. नारळ फुटला, भाषण झालं, फोटो निघाले. मग पारावरचे पुरुष उठून एकेक करून रक्तदाब मोजून घेऊ लागले.

"डॉक्टर कुठायत?" एका आजोबांनी विचारलं.

"डॉक्टर फोनवर. आम्ही नर्स."

"मग गाडीचा मालक?"

"आम्हीच."

आजोबांनी चाचांकडे बोट दाखवलं. "आन् हे?"

"मैं इनका नोकर," चाचा म्हणाले, आणि सगळा पार हसला.

हसले, पण ज्यांच्यासाठी गाडी आणली त्या बाया काही आल्या नाहीत. पदर पुढे ओढून झपझप निघून जायच्या. एकीने भिंतीआडून विचारलं, "कामून आल्यात वो ह्या?" आणि उत्तराची वाट न पाहता गेली. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. परतीच्या वाटेवर आत्या खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसायची. एकदा तिचा फोन वाजला. तिने एजंटाचं नाव बघितलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मीही तुरीकडे बघू लागले.

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "गाडी चुकीच्या जागी लागतेय गं. पारावर सासरा, दीर, भावकी बसलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीत चढून कुठली सून सांगेल की मला अंगावरून जातंय? आणि आमच्या वस्तीतल्या बायका देवळापुढे येऊन बसायच्या नाहीत. विहारापाशी लावली तर तुमच्या गल्लीतल्या यायच्या नाहीत."

"मग काय आभाळात लावू?" आत्या चिडून म्हणाली.

"गिरणीपुढं लाव. दळण कुणाला चुकलंय?"

चाचांनी आरशातून मागे बघितलं आणि खुशीत हॉर्न वाजवला.

तुम्हाला पिठाची पिशवी दुकानातून मिळते, म्हणून हे सांगते. इथे घरोघरी ज्वारी लागते आणि ती दळायला बायाच नेतात. लाईट येते-जाते, त्यामुळे गिरणीत डबा ठेवून थांबावंच लागतं. तो थांबण्याचा वेळ बायांचा स्वतःचा असतो. तिथे सासरा येत नाही आणि देवळाची, विहाराची असा भेदही राहत नाही. सगळ्यांचे डबे एकाच रांगेत.

निर्ण्याची गिरणी एका विधवा बाईची. सगळे तिला अक्का म्हणत. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरी. आत्याने गाडीतलं लाकडी बाकडं उतरवून गिरणीच्या सावलीला टाकलं, तशी अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय करायलाव इथं? माझ्या गिऱ्हाइकाला बसायला जागा न्हाई आन् तुमी दुकान मांडायलाव?"

"अक्का, आधी तुमचाच हात द्या," मैत्रीण म्हणाली.

"मला काय धाड भरली? जरा डोस्कं दुखतंय, ते गिरणीच्या आवाजानं."

पट्टा बांधला. मैत्रिणीने एकदा बघितलं, पुन्हा बघितलं आणि आत्याला हाक मारली. दोघींनी अक्काला गाडीत बसवून फोनवर डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाब फार वर गेला होता. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि काही आठवड्यांनी ते डोकं दुखणं थांबलं. गिरणीचा आवाज होता तेवढाच राहिला.

त्यानंतर अक्काने स्वतःचा कायदा काढला. "आधी हाताला पट्टा, मग दळण." कुणी कुरकुरली की म्हणायची, "मंग जा की भालकीला दळायला!" बाया हसत हसत हात पुढे करायच्या. एकीचा हात मोजताना दुसरी चिडवायची, "तिला न्हाई, तिच्या नवऱ्याला बांधा पट्टा, तोंडाला!" मग एकेक जण हळूच गाडीत शिरायची, दार लावून घ्यायची, आणि कितीतरी वर्षं कुणालाच न सांगितलेलं दुखणं सांगायची. बाहेर आली की कनवटीचे पैसे काढून फी द्यायची. आपल्या पैशाने आपलं दुखणं दाखवल्याचा एक ताठा त्यांच्या चालण्यात दिसायचा. त्यानंतर मला 'धंदा' शब्द टोचला नाही.

माझं वेळापत्रक मात्र निकामी झालं. लाईट आली की अक्काचा फोन यायचा, "आली बगा, या!" आणि गाडी निघायची.

दिवाळी तोंडावर आली होती. चकलीच्या भाजणीचे डबे रांगेला लागले होते आणि गिरणी धडधडत होती. अशात एजंटाचा फोन आला. आत्याने या वेळी तो घेतला. काहीच ऐकू जाईना, म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "इथं काम आहे! नाही म्हटलं ना! नाही येत मी!" नेमकी तेव्हाच लाईट गेली. गिरणी थांबली आणि शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं.

"कुठं न्हाई जायलीस?" अक्काने विचारलं.

"परदेशी."

"बरं केलंस. तिथं दळण कोण देतंय तुला?"

सगळ्या खिदळल्या. मी बाकड्यावर बसले होते. चष्म्यावर पीठ बसलंय असं म्हणून मी तो बराच वेळ पुसत राहिले. परत निघताना चाचा बाकडं उचलायला गेले, तर अक्काने ते पायाने दाबून धरलं. "ऱ्हाऊ द्या. पुन्ना येनारच हाव की."

आता मैत्रीण कलबुर्गीकडचा भाग सांभाळते. जखमांचा खास अभ्यासक्रम ती बंगळुरूहून करून आली, आणि तिच्या आईचा पाय केव्हाच बरा झाला. औरादच्या वाटेवर तेलुगू बोलणारी एक नर्स घेतली आहे. नव्याने शिकून आलेल्या मुली आत्याकडे नोकरी मागायला येतात, आणि आत्या आधी विचारते, "गिरणीच्या आवाजात बोलता येतं का?" पुण्या-हैदराबादला गेलेली मुलं गावातल्या आईवडिलांसाठी दरमहा फी भरतात. नवीन गाव घेतलं की चाचा पार विचारत नाहीत, गिरणी विचारतात.

आणि थोरल्या, तूही अगदी चुकला नव्हतास. जुनी गाडी चाचांच्या सुनेने घेतली आहे. शनिवारपासून ती बीदरच्या बसस्टँडजवळ मिरची-भजी आणि चुरमुऱ्यांचा सुसला विकणार आहे. चाचा म्हणतात, मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गाडी जाईल. बाकडं निर्ण्यालाच आहे, अक्काच्या गिरणीपुढे. एक पाय हलतो, त्याखाली दगड ठेवला आहे. आजही त्यावर बाया बसल्या होत्या.