बागेला दार नव्हतं

सेमिनरीत त्याला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणत. पहाटे पाचची घंटा तोच वाजवायचा, आणि आठ वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. तापाने फणफणला असतानाही ब्लँकेट गुंडाळून दोर ओढायला गेला होता. घंटेनंतर न्याहारीपर्यंत मौन, मग चर्चमध्ये मिस्सेची उपासना, वर्ग, संडास घासणं, फुटबॉल, पुन्हा वर्ग. धर्मगुरू व्हायला निघालेल्या माणसाने बूट कुठे काढावेत इथपासून जांभई कशी द्यावी इथपर्यंत सगळ्याला तिथे नियम होता, आणि हा गडी सगळे नियम पाळून वर हसतमुख राहायचा. यंदा त्याची दीक्षा होती. असल्या माणसाचं चांगलं व्हावं असं आपल्याला वाटतं. आपल्याला वाटून काय उपयोग म्हणा.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावून सांगत: या व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन दारं आहेत. एका दाराआड रेक्टर, म्हणजे इथले प्रमुख. त्यांच्यापाशी बोललेलं अहवालात जातं. दुसऱ्या दाराआड म्हातारे फादर. त्यांच्यापाशी मन मोकळं करावं, ते कुणाजवळ ब्रही काढत नाहीत.

मार्चमध्ये त्याचे वडील गेले. तीन दिवसांची रजा मिळाली, चौथ्या दिवशी पाचची घंटा पुन्हा वाजली. एका दुपारी मागच्या बागेत तो कोबीला माती लावत होता, तेव्हा रेक्टर बाह्या सरसावून शेजारी येऊन बसले. नखांत चिखल, डोक्याला रुमाल. रेक्टर वाटतच नव्हते. “घरचं कसं चाललंय?” त्यांनी इतक्या मायेने विचारलं की याला भरून आलं.

“फादर, बाबा गेल्यापासून प्रार्थनेला बसलो की समोर कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं.”

रेक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बागेला दार नव्हतं, त्यामुळे आपण कुठल्या दारात बोललो हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

दीक्षेला दोन आठवडे उरले असताना बोलावणं आलं. अहवालात लिहिलं होतं: विश्वास डळमळीत, दीक्षा देऊ नये.

“मला फार वाईट वाटतंय,” रेक्टर म्हणाले. “पण ऐकून न ऐकल्यासारखं कसं करू?”

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच तर संताप येतो.

जाणाऱ्याने निरोप घ्यायचा नाही, अशी तिथली रीत. बाकीचे वर्गात असताना पेटी उचलायची; जेवताना खुर्ची रिकामी दिसली की पोरांनी काय ते समजून घ्यायचं. तो फक्त म्हाताऱ्या फादरांच्या दाराशी थांबला.

“माझ्याकडे यायचं होतंस रे,” ते म्हणाले.

“आलो असतो तर काय सांगितलं असतंत?”

“हेच, की मलाही वीस वर्षं कुणी ऐकतंय असं वाटलेलं नाही. तरी रोज मिस्सा करतोच ना.”

“रेक्टरांना कधी सांगितलंत?”

“मला काय वेड लागलंय?”

घरी आईने दीक्षेचा पांढरा झगा शिवून पलंगावर पसरून ठेवला होता. शेजारीपाजारी आताच तिला ‘फादरची आई’ म्हणू लागले होते, आणि नवरा गेल्यावर तिच्यापाशी मिरवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्याने सगळं सांगितलं. ती रडली नाही.

“एवढंच बोललास? चोरी नाही, बाईची भानगड नाही?”

“नाही. वाटत होतं ते बोललो.”

तिने झग्याची घडी घातली. “तुझे बाबा अंथरुणावर होते तेव्हा गुडघे सोलून निघेपर्यंत प्रार्थना केली मी. ऐकलं कुणी? पण मी बोलले का कुणाजवळ? दर रविवारी पहिल्या बाकावर जाऊन बसतेय. एवढं गप्प बसायला शिकायला तुला आठ वर्षं कमी पडली?”