ओली खोकी

दिनानाथ परचुऱ्यांनी चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. शेवटची बारा वर्षं ते सुरक्षा अधिकारी होते. खिशात काडेपेटी सापडली म्हणून सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी गेटवरून घरी पाठवलं होतं. निवृत्तीनंतर ते पालेगावच्या नव्या सोसायटीत मुलगा समीर आणि सून प्राचीकडे राहायला आले.

त्या पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्या हस्ते फडकला. कमिटीने शाल घातली. परत जाताना त्यांना जिन्याखाली संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आणलेली फटाक्यांची खोकी दिसली. पावसाचं पाणी आत येऊन तळाचा पुठ्ठा फुगला होता. हे वाजवू नका, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात सेक्रेटरी बाळ सामंत त्यांचा हात धरून त्यांना फोटोसाठी घेऊन गेला, आणि बोलणं राहिलं.

संध्याकाळी सगळी सोसायटी खाली जमली. कुळगावहून प्राचीचे आईवडील आले होते, समीरचे मित्र आले होते. खुर्च्या, वडापाव, जिलबी, स्पीकरवर गाणी. फटाके लावायचं काम आपसूक वॉचमन आनंदाकडे गेलं. पन्नाशीचा माणूस, दुपारीच ड्यूटी संपलेली, पण सामंताने थांबवून घेतला होता.

चौथ्या बॉक्सची वात फुरफुरली आणि विझली. लोक हसले. सामंत खुर्चीतूनच म्हणाला, "आनंदा, बघ रे जरा काय झालं."

"जाऊ नकोस!" दिनानाथ ओरडले. गाण्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. आनंदा वाकला, आणि त्याच्या तोंडासमोरच बॉक्स फुटला.

समीरने आपल्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. सोबत दिनानाथच होते. भुवया जळाल्या होत्या, हात सोलला होता. उजवा डोळा वाचेल की नाही ते डॉक्टरांना सांगता येईना. तासाभराने सामंत आला. पोलिसांसाठी त्याने एक कागद लिहून आणला होता: वॉचमन ड्यूटी नसताना स्वतःच्या हौसेने फटाके उडवत होता. खाली साक्षीदार म्हणून दिनानाथांची सही हवी होती. अधिकारी माणूस, शब्दाला वजन आहे, असं सामंत म्हणाला.

दिनानाथांनी कागद वाचला, फाडला आणि तुकडे सामंताच्या शर्टाच्या खिशात कोंबले.

"तू खुर्चीत बसून त्याला पाठवलंस," ते म्हणाले. "मी तेच लिहून देणार."

समीरने बाजूला नेऊन समजावलं. बाबा, आपल्याला याच लोकांत राहायचंय, आणि मुद्दाम कुणी काही केलं नाही. दिनानाथांनी ऐकून घेतलं आणि तिथून थेट रिक्षाने पोलीस स्टेशन गाठलं. तिथल्या हवालदाराने सणाच्या दिवशी कशाला, म्हणून टाळायला पाहिलं. जबाब नोंदवून घेईपर्यंत दिनानाथ बाकावरून उठले नाहीत.

सामंताला पद सोडावं लागलं. सोसायटीत दिनानाथांशी लोक बोलेनासे झाले. ते लिफ्टमध्ये शिरले की आतले मोबाईलमध्ये बघायला लागत. त्याने त्यांचा संताप वाढतच गेला. जेवताना ते ताट सरकवून द्यायचे. शेजारी बोलत नाहीत म्हणून प्राची रडली, तर तिच्यावरही खेकसले.

आनंदाचा डोळा गेला. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने त्याला काढलं. ऑक्टोबरात दिनानाथ त्याच्या अंबरनाथ पश्चिमेच्या खोलीवर गेले. कोर्टात जाऊ, मी तुझ्या बाजूने उभा राहतो, असं त्यांनी तावातावाने सांगितलं. सामंताला सोडायचं नाही, असंही म्हणाले. बोलता बोलता खोक्यांचं निघालं. मी सकाळीच ओळखलं होतं, ओली दारू कधी दगा देईल सांगता येत नाही, असं ते म्हणून गेले.

आनंदाच्या बायकोने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब," आनंदा म्हणाला, "सकाळी ओळखलं होतं, तर सकाळीच का नाही बोललात?"

आनंदाचा आवाज चढला नव्हता, पण जबडा आवळलेला होता. त्याने उठून दार उघडलं आणि दिनानाथ जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं.