प्लॅटिनमच्या तारेला बसलेला धक्का

प्रयोगशाळेत सगळे ज्यांना थर्मामीटरबाई म्हणत, त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याने घोळ घातला. बायको कुठेतरी 'तापमान तपासते', यापलीकडे या गृहस्थाला जन्मात काही ठाऊक नव्हतं. तिचा विसरलेला चष्मा द्यायला तो प्रयोगशाळेत आला, वळताना कोपर लागलं, आणि टेबलावरची काचेची लांब नळी ठक्कन स्टँडवर आपटली.

"फुटली नाही हं!" तो खुशीत म्हणाला.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "फुटली असती तर निदान कळलं असतं. आत प्लॅटिनमची तार आहे, तापमान तीच सांगते. धक्का बसला की ती खोटं बोलायला लागते, तेही तोंड वर करून."

दवाखान्यांची, लसींच्या फ्रिजची सगळी थर्मामीटरं याच नळीशी ताडून पाहिली जात. ती धडधाकट असतानाच पुढच्याच्या हाती सोपवायची, एवढीच बाईंची इच्छा होती.

"मग आता?"

"आता पाण्याला विचारायचं."

बाईंनी नळी एका बंद काचपात्राच्या पोकळीत सोडली. पात्रात शुद्ध पाणी, त्याचाच बर्फ आणि त्याचीच वाफ, हवेला मज्जाव. "तिघं एकत्र नांदली की तापमान ठरलेलं. शून्याच्या वर अंशाचा शंभरावा भाग. जगात कुठेही."

"आपल्याकडे तिघं एकत्र आली की पारा चढतो," नवरा म्हणाला. बाई हसल्या नाहीत. नळीला जोडलेल्या मीटरवरचा आकडा सरकला होता, अंशाच्या दोनशेव्या हिश्शाने.

"इतकुसं? एवढ्याने कुणाला ताप येत नाही!"

"मला येतो."

उपाय एकच होता. नळी भट्टीत तापवायची आणि हळूहळू निववायची. तारेतला ताण सुटला तर सुटला, नाहीतर नळी बाद. नवरा भट्टीसमोर असा बसला, जणू आत त्याचंच कोणी होतं. बाईंनी डबा पुढे केला, तर नको म्हणाला. असं आजवर कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी नळी पुन्हा पात्रात गेली. बाईंनी आकडा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला.

"आली का गं जाग्यावर?"

"आली."

नवऱ्याने रुमाल काढला.

"अहो, तुम्ही का रडताय?"

"एवढं सगळं तू सांभाळत होतीस. आणि मी लोकांना सांगायचो, थर्मामीटर पुसते म्हणून."

निरोपसमारंभ अजून व्हायचा होता. पण बाईंना वाटलं, आता नाही झाला तरी चालेल.