बंदरोबंदरी म्हैस

दादाला बोटीवर न्यायचं नाही, हे मी निघण्याआधीच घरात ओरडून सांगितलं होतं. माझं कुणी ऐकत नाही. पेठ वडगावजवळ त्याचा म्हशींचा गोठा आहे आणि डोळ्यांसमोर पिळलेलं नसेल ते दूधच नव्हे, अशी त्याची ठाम समजूत. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस उभी करून लोक धारोष्ण दूध पितात, तिथं हे खपतं. शिडाच्या बोटीवर नाही खपत.

सहल खरं तर वडिलांसाठी होती. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर कोकणचा किनारा कित्येकदा काढला, पण सिंधुदुर्ग समुद्राकडून, शिडाच्या बोटीतून येताना बघायचा राहून गेला होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. म्हणून जयगडपासून बंदरं घेत मालवणपर्यंत एक बोट ठरवली. इंजिन नावापुरतं, सगळी भिस्त वाऱ्यावर. बोट चालवणाऱ्या तांडेलानं पहिल्याच दिवशी सांगितलं, पहाटे जमिनीकडून वारा सुटतो, तो धरूनच बाहेर पडायचं.

आणि रोज पहाटे दादा किटली घेऊन गायब. वडिलांना ऑपरेशनआधी ताकद हवी म्हणे. रत्नागिरीत त्यानं म्हशीसाठी रिक्षा केली. विजयदुर्गात एक गाय मिळाली, ती त्यानं नापास केली. मासळीच्या टोपल्या खाली ठेवून बायका या पावण्याकडे बघत राहायच्या. मी दुकानातली दुधाची पिशवी आणली, तर मी वडिलांना विष पाजायला निघाल्यासारखं त्यानं माझ्याकडे बघितलं. तो परत येईपर्यंत वारा पडलेला असायचा. मग शीड लोंबतंय आणि आम्ही इंजिनाच्या धुरात खोकत पुढचं बंदर गाठतोय. भांडून भांडून माझा घसा बसला. वडील मात्र मुकाट्यानं ग्लास रिकामा करायचे.

शेवटचा मुक्काम देवगडला होता. मालवणच्या तोंडाशी खडक आहेत, उजेडातच शिरावं लागतं, सकाळी उशीर झाला तर नुसत्या इंजिनावर उजेडात पोचणं नाही, सहल इथंच संपली, असं तांडेलानं बजावलं होतं. दादानं मान डोलावली. सकाळी किटली जागेवर नव्हती. फोन केला तर वर वाडीत म्हस गावलीय, पण रेडकू लावल्याशिवाय पान्हा सोडंना, वाईच थांबा, म्हणाला. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

मी तांडेलाला थांबायची विनवणी करत होते, तेवढ्यात वडील उठले.

"दोर सोडा," ते म्हणाले.

"अहो बाबा, दादा राहिलाय की."

"येईल एस्टीनं. जन्मभर तुम्हा सगळ्यांसाठी थांबलोय. आज न्हाय थांबायचं."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. शीड भरलं तेव्हा दादा धक्क्यावर धावत आला, पण वडिलांनी मागं वळून बघितलं नाही. मला हसू यायला हवं होतं, ते काही आलं नाही. दादा एकटाच त्यांना अडवतोय, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

ऊन कलताना किल्ल्याचा तट दिसू लागला. काहीही दिसलं की पोरांना जवळ बोलावून समजावून सांगायचं, ही वडिलांची जुनी सवय. मी शेजारीच बसले होते. ते उठले, मला हाक न मारता बोटीच्या पुढच्या टोकाशी गेले आणि एकटेच बघत राहिले.