खंडेनवमीच्या तलवारी

देवासला आमच्याकडे खंडेनवमीला घरातली जुनी तलवार पाटावर ठेवून पुजतात. या वर्षी धारहून भाचा आला होता. त्याला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून माझी कादंबरी मी त्याला वर्षभर फोनवर वाचून दाखवत होतो. पुढच्या काळातलं, भिंतीने दुभंगलेलं एक शहर आणि दोन्हीकडच्यांना शस्त्रं विकणारा एक व्यापारी, अशी ती गोष्ट. तो मन लावून ऐकायचा, याचं मला मूर्खासारखं कौतुक!

पाटावर तलवारीशेजारी लाल कापडाखाली आणखी काही झाकलेलं होतं. घरातलीच हत्यारं असतील, म्हणून सवयीने मी कापडावरच हळदकुंकू वाहिलं. मग कापड उचललं. खाली आठ नव्याकोऱ्या तलवारी होत्या, धार लावलेल्या.

"पूजेतल्या तलवारीबद्दल कोणी विचारत नाही, मामा. तुमच्याच व्यापाऱ्याची युक्ती," भाचा म्हणाला. "टेन्शन मत लो. संध्याकाळपर्यंत आपल्या मोहल्ल्यात विकून टाकतो."

माझं डोकं फिरलं. "आणि पलीकडच्या मोहल्ल्याला कळलं तर?"

"ते कशाला बोलतील? त्यांचा माल कालच पोचवला."