सुधारलेला आणि न सुधारलेला

दारू पिणाऱ्याला दहा मिनिटं सल्ला द्यायचा आणि तीन महिन्यांनी त्याच्या घरी जाऊन दारू कमी झाली का ते मोजायचं, अशा एका अभ्यासावर मी कोल्हापुरात चार वर्षं नोकरी केली. सल्ला देणारे वेगळे, मी मोजणारी. माझ्याकडे अकरा पानांचा फॉर्म होता आणि एक प्लास्टिकचा पेला. ऑफिसात त्याला 'प्रमाण पेला' म्हणत. देशीच्या बाटलीला थेट तोंड लावणाऱ्या माणसासमोर तो धरून मी विचारायची, "असे किती होतात?" माणूस पेल्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि कीव आल्यासारखा काहीतरी आकडा सांगून टाकायचा. तोच आकडा पुढं संगणकातून दशांश चिन्हासकट बाहेर पडायचा आणि आमचे साहेब तो परिषदेत पडद्यावर दाखवायचे.

इचलकरंजीत एका यंत्रमाग कामगाराकडे मी अशीच गेले. चाळिशीचा, काटक माणूस. बायको त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आमच्या हिशेबी तो चांगलाच सुधारला होता. आधी रोज प्यायचा, आता फक्त सुट्टीच्या दिवशी. आणि आमचा फॉर्म पिण्याचे दिवस मोजायचा. 'सुधारणा'च्या चौकोनात खूण करून मी उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, परवा दुसऱ्या एक बाई येऊन गेल्या. त्या तर म्हनल्या, तुमच्यात काय बी फरक न्हाय."

"कुठल्या बाई?"

"दवाखान्यातल्या. पाय मुरगळला तवा गेलतो की. तितं बी असाच सल्ला दिलता."

चौकशी केली तेव्हा कळलं, दुसऱ्या एका कॉलेजचा तसलाच अभ्यास चालू होता. त्यांचा फॉर्म आठवड्याची एकूण दारू मोजायचा. हा गडी सहा दिवसांची दारू सातव्या दिवशी भरून काढत होता, त्यामुळं बेरीज होती तेवढीच. एकच माणूस, एकच आठवडा. आमच्याकडे सुधारलेला, त्यांच्याकडे न सुधारलेला. साहेबांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे एकाच माणसाला दोनदा सल्ला! आपलं सँपल खराब झालं!" त्या सातव्या दिवशी त्या घरात काय होत असेल, हे त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

पुढं असे घोटाळे इतके निघाले की सगळ्या अभ्यासांनी एकसारख्याच गोष्टी मोजाव्यात म्हणून बैठक ठरली. कोल्हापुरातच, स्टेशनजवळच्या हॉटेलात गार हॉलमध्ये तज्ज्ञ जमले. प्रत्येकाला एकच मोजमाप हवं होतं, फक्त ते स्वतःचं हवं होतं. एकाला रक्ताची तपासणी, एकाला दिवस, एकाला बेरीज. 'जीवनाची गुणवत्ता' मोजणारे एक गृहस्थ तर चहा येईपर्यंत माईक सोडायला तयार नव्हते.

पेशंटचाही प्रतिनिधी हवा, असा नियम होता. पत्ता माझ्याकडे होता म्हणून त्या कामगाराला आणि त्याच्या बायकोला आणायचं काम माझ्यावर आलं. दोघांना मागच्या रांगेत बसवलं आणि गळ्यात 'भागधारक' लिहिलेल्या पाट्या अडकवल्या. तो हळूच मला म्हणाला, "आमचं बी शेअर हायत व्हय ह्यात?"

दुपारी जेवणं झाल्यावर अध्यक्षांना त्यांची आठवण झाली. "तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा परिणाम कोणता?"

तो उभा राहून म्हणाला, "तुमी म्हनशिला त्यो."

बायको उठली नाही. बसल्या जागेवरूनच मोठ्यानं बोलली, मागाच्या खडखडाटात बोलणाऱ्यांची सवयच ती. "आदी ह्यो रोज प्यायचा, पर जेवून गप झोपायचा. तुमी सांगितल्यापास्नं सा दिस ग्वाड ऱ्हातोय, आन सुट्टीला सकाळपास्नं सुरू. मी पोरीला घिऊन उचगावला भनीकडं जातो, सांजच्याला येतो. त्या दिशी आमाला घर न्हाय. ह्ये तुमच्या कागदात कुटं लिवत्यात?"

तो गळ्यातली पाटी उलटसुलट करत बसला. तासभर तिच्या खोलीत बसून मी तिच्या हातचा चहा प्यायले होते, आणि तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

"फार छान मुद्दा," अध्यक्ष म्हणाले. यादीत 'कुटुंबावरील परिणाम' असं लिहिलं गेलं. मग प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे होते. तज्ज्ञांनी दिले, आणि तिच्या मुद्द्याला कमी पडले. म्हणून तो 'सामाजिक कार्यक्षमता' नावाच्या मुद्द्याच्या पोटात घातला. टाळ्या झाल्या. फोटोसाठी मात्र दोघांना पहिल्या रांगेत आणलं.

एक समान यादी झाली हे चांगलंच झालं, एवढं मी मान्य करते. निदान एकाच माणसाचे दोन निकाल लागायचे थांबले. पण ती करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर राहिला नाही.

त्यांना घरी पोचवायला मीच निघाले होते; परतीच्या एस.टी.त मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. त्यानं तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाला, "मला तर बाजारला जातो म्हनून सांगतीस."

"शुद्धीत असतोस व्हय तवा, खरं सांगाय?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

काही महिन्यांनी नवा फॉर्म घेऊन मी परत गेले. सुट्टीचा दिवस होता. ती दारात पोरीची वेणी घालत बसली होती. तो पुन्हा रोज प्यायला लागला होता, पण थोडी, संध्याकाळी जेवणाआधी, घरातच. मी नव्या यादीप्रमाणे सगळं विचारलं. 'सामाजिक कार्यक्षमता' म्हणजे काय ते त्याला कळलं नाही. मलाही नीट समजावता आलं नाही. दिवस वाढले होते, बेरीज घटली होती. संगणकानं त्याला 'मिश्र परिणाम' ठरवलं.

"असं प्यायचं कुणी सांगितलं?" मी विचारलं. त्याची सवय सुटलेली नव्हतीच, आणि हे औषध म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

"हिनं," तो म्हणाला. "म्हनली, पी, न्हायतर नगं पिऊ, पर सुट्टीला पोरगी घरात ऱ्हायला पायजे. बास. एवडंच."